माझी गरम पाण्याची सिस्टिम

३ मार्च, सोमवार. सकाळी ८:५०
आजपासून रोज लिहिणार. पहाटे पाचला उठूनच लिहिणार होतो, पण अलार्म फार हळू वाजतो.
मालकीणबाई पुढच्या सोमवारी फुलांच्या नव्या दुकानाचा इन्चार्ज ठरवणार. तो मीच. त्या तसं बोलल्या नाहीत, पण ज्या पद्धतीने मला डिलिव्हरीच्या स्कूटरची किल्ली देतात त्यावरून कळतं. फोन करून ताईला सांगून टाकलं, इन्चार्ज झालो. ताईने फोन तिच्या नवऱ्याला दिला. भावजी शिंपी, बोलतातही मापात. म्हणाले, रविवारी बघायला येतो, खोटं निघालं तर गुपचूप परत यायचं आणि माझ्या दुकानात काजं-बटणं करायची. ही तुझी पाचवी नोकरी, असंही म्हणाले. चौथी. गाड्या धुण्याची धरू नये, तिथून मी जेवणाच्या सुट्टीतच निघून आलो होतो.

४ मार्च, मंगळवार
बाईंचा हट्ट, लिली कळीतच पोचवायची. दोन दिवसांनी गिऱ्हाइकाच्या घरी उमलते म्हणे. दारात मला लाज वाटते. माणूस वाढदिवसाला फुलं मागवतो आणि मी त्याच्या हातात भेंड्या ठेवतो.
दुपारी सिस्टिम शोधली. खोलीवर बादलीत गरम पाणी, त्यात देठ, वरून माझा टॉवेल. दीड तास. थोडी बोटांनी मदत. टरारून फुलली.
दाताच्या डॉक्टरांना नेऊन दिली. खूश. वास घेतला तर परागांनी नाकाचा शेंडा पिवळाधमक. कस्टमरच्या नाकाबद्दल बोलायचं नाही, असा आजपासून नियम.

६ मार्च, गुरुवार
सिस्टिम हिट. डॉक्टरांनी दोन दिवसांत परत फुलं मागवली. म्हणजे आधीची गळली म्हणून बदलून मागितली, पण मागवली तर खरी.
बाई होलसेलवाल्याला फोनवर झापत होत्या, शिळा माल पाठवतोस म्हणून. मीही शेजारी उभा राहून मान हलवली. हल्ली विश्वास ठेवावा अशी माणसंच राहिली नाहीत.
बुके बांधणारे काका विचारत होते, तुझ्या अंगाला लिलीचा वास कसा येतो रे. म्हटलं, कामात जीव ओतला की येतो.

७ मार्च, शुक्रवार
मोठी ऑर्डर. बाईंच्या शाळेच्या मुख्याध्यापिका रिटायर होतायत. रविवारी अकराला हॉलवर निरोप. ऐंशी लिली. बाईंनी काम माझ्यावर सोपवलं. आजच कळ्या नेऊन लाव, परवा बरोबर उमलतील, माझ्या बाईंचा कार्यक्रम आहे, यावरच मी तुझं ठरवणार, म्हणाल्या.
माझं अख्खं भविष्य काय भेंड्यांच्या भरवशावर ठेवू? स्कूटर खोलीवर वळवली. सहा बादल्या, त्यातल्या पाच शेजाऱ्यांच्या. फ्यूज दोनदा उडाला. संध्याकाळी हॉल नुसता पांढराशुभ्र. वॉचमन म्हणाला, कार्यक्रम आजच आहे का? त्याला काय कळतंय.

८ मार्च, शनिवार
शर्टाला इस्त्री केली. हॉलवर चक्कर मारावी असं वाटलं, पण इन्चार्ज माणसाने सारखं जाऊन बघू नये. झोपलो.

९ मार्च, रविवार. सकाळी ८:२०
भावजींना बसमधून उतरवून थेट हॉलवर नेलं. टेबलांवर ऐंशी काड्या उभ्या. पाकळ्या सगळ्या जमिनीवर. हल्ली अशीच फॅशन आहे, म्हणालो. भावजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तेवढ्यात मागून बाई आल्या.

दुपारी ३
थोडक्यात लिहितो. बाई मला ओरडल्या नाहीत. नुसत्या खुर्चीत बसून राहिल्या. म्हणाल्या, मुख्याध्यापिकांनी मला लिहायला-वाचायला शिकवलं, आणि मी त्यांना काड्या देणार. मला तेव्हा पाणी प्यायला बाहेर जावंसं वाटलं. गेलो.
परत आलो तर भावजींनी खिशातून सुई-दोरा काढलेला. लग्नाला गेले तरी सुई खिशात असते त्यांच्या. बुकेची पांढरी रिबीन मागितली आणि लिली शिवायला बसले. बाईंबरोबर आलेले बुकेवाले काका रिबीन कापत होते, बाई काड्यांना बांधत होत्या. मी सुईत दोरा ओवून देत होतो. तीन वेळा ओवला, मग भावजी म्हणाले, राहू दे. अकरापर्यंत पुढची सगळी टेबलं झाली.
मुख्याध्यापिका आल्या, रिबिनीच्या लिलीचा वास घेतला आणि म्हणाल्या, काय सुंदर वास आहे. नाकही पिवळं झालं नाही.
बाईंनी विचारलं, हे कोण तुझे? छाती काढून सांगितलं, माझे भावजी, मीच आणलं. त्याच भरात सिस्टिमही सांगितली. डॉक्टरांपासून सगळी. होलसेलवाल्याचं नाव निघाल्यावर बाईंचा चेहरा बदलला.

१० मार्च, सोमवार
इन्चार्ज ठरला. भावजी. लोक तयार कपडे घेतात, शिलाईला कुत्रं विचारत नाही, म्हणून लगेच हो म्हणाले. घरातल्या माणसाला मी नोकरीला लावलं. एवढं कोण करतं कुणासाठी.
स्कूटरची किल्ली बाईंनी मागून घेतली.

१३ मार्च, गुरुवार. ताईच्या घरी
भावजींचं दुकान बंद कसं ठेवणार? माझ्यावाचून अडलं होतं. आता अख्ख्या शिलाईच्या दुकानाचा मी इन्चार्ज.
आज सतरा काजं केली. ताईने प्रत्येक काज उजेडात धरून पाहिलं आणि सतराही उसवायला सांगितली.
काजं झटपट होण्यासाठी एक सिस्टिम सुचली होती. ताईला सांगितली. तेव्हापासून कात्री सापडत नाही.