साइनजवळ कॉस नसलेलं गणित
बेला गाव, मंगळवार, दिवेलागण

शेजारचे मास्तर आमच्या ओसरीवर माझ्या बारावीतल्या नातीला, रेणूला, इंटिग्रेशन शिकवतात. ती त्यांच्याकडे कशी बघते! तशी आधी माझ्याकडे बघायची. मी सातवीत शाळा सोडलेला. तरी "साइनजवळ कॉस दिसला की साइनला टी माना," हे ऐकून पाठ झालंय.

आज पुस्तकात नुसता साइनचा घन सापडला, जवळ कॉस नाही. मुद्दाम विचारलं, "मास्तर, आता?"

त्यांनी एक साइन बाजूला काढला, उरलेल्या वर्गाचा एक वजा कॉसवर्ग केला, कॉसला टी मानलं. झालं. माझा जळफळाट.

रेणू म्हणाली, "आबा, बरं इचारलं तुमी. मी तिथंच अडली होती, मास्तरायले इचाराची लाज वाटे."

मी कशासाठी विचारलं, हे तिला कधी कळू नये.