सतरा नंबरचे कालव आणि चंद्राबाईंची सही

मी, गंगाधर त्र्यंबक दातार, वय ८१, निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापक, राहणार महाड, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पत्नी प्रमोदिनीचे मत वेगळे आहे. ते जोडलेले नाही.

१. राहते घर व ठेवी प्रमोदिनीला. पोलादपूरची जागा मुलगा आमोदला. त्याला गाडी लागते ती पोलादपूरच्या पुढे आंबेनळी घाटात, त्यामुळे तिकडे न जाण्याची सबब चालणार नाही.

२. सावित्रीच्या खाडीतली कालवे कधी अंडी सोडतात, याच्या माझ्या एकोणतीस वह्या मुलगी इरावतीला. चाळीस वर्षे चिखलात बसून लिहिल्या आहेत. रद्दीत घातल्यास मानगुटीवर बसेन.

३. १९७९ साली तुडीलच्या चंद्राबाई माझ्या कालवांच्या टोपल्या सांभाळत. प्रत्येक शिंपल्यावर प्रमोदिनीच्या नेलपॉलिशने नंबर घातलेला. कडेला बारीक भोक पाडून थेंबभर रस काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली नर की मादी ते पाहायचे. सतरा नंबर नर होता. पुढच्या वर्षी त्यात अंडी! टोपल्या बदलल्या म्हणून मी चंद्राबाईंवर चारचौघांत खेकसलो.

"नाय ओ मास्तर, कालव तेच हाय. शिंपला मी वळखते. नराची मादी झालीय."

मी त्यांना कामावरून काढले. पुढे दोन वर्षे स्वतः टोपल्या राखल्या, तेव्हा माझ्याही डोळ्यांदेखत नरांच्या माद्या झाल्या. लेख छापला तो मात्र एकट्याच्या नावाने. याची मला लाज वाटते. शोध चंद्राबाईंचा आहे. वह्या छापताना इरावतीने त्यांचे नाव माझ्या आधी घालावे.

४. ~~सूक्ष्मदर्शक चंद्राबाईंना.~~ हे कलम रद्द. काल मसुदा वाचून दाखवायला तुडीलला गेलो होतो. तिसरे कलम त्यांनी दोनदा वाचायला लावले.

"येवढी वर्सा लागली व्हय? तुमची दुर्बीण नको मला. ह्या कागदाव सही मी करनार."

ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा वकिलांचा सल्ला आहे. तो मी त्यांना सांगितला, तरी त्यांनी सहीच मागितली. सूक्ष्मदर्शक आता प्रमोदिनीला. तांदळातले खडे तरी दिसतील.

महाड, १४ नोव्हेंबर २०२५
(सही) गंगाधर त्र्यंबक दातार

साक्षीदार:
१. (सही) ॲड. सुशांत वसंत शेडगे, महाड
२. (सही) चंद्राबाई महिपत भोईर, तुडील
त्यांच्याच हस्ताक्षरात, सहीखाली: टोपली मी बदलली नव्हती.