जखमेतली वीज

आई, चाकणच्या कंपनीनं दिलेले ते बंद बूट तुला घट्टच होत होते. कँटीनमध्ये पोळ्या भाजणाऱ्या बायकांनीही तेच घालायचे, असा नियम. एका संध्याकाळी तू कंपनीच्या बसमधून दापोडीला उतरलीस, घरी येऊन मोजा काढलास, तर टाच रक्तानं भिजलेली. "अगं, मला कळलंसुद्धा न्हाई," म्हणून तू हसलीस. साखरेनं पायातली जाणीव केव्हाच नेली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पायावर भार देऊ नका. "मग पोळ्या काय झोपून भाजू?" तू त्यांनाच विचारलंस, आणि चार दिवसांनी पुन्हा कामावर गेलीस.

रोज सकाळी तू स्वयंपाकघरात पाटावर बसायचीस, पाय माझ्या मांडीवर द्यायचीस, मी पट्टी बदलायचे. मी तेव्हा कॉलेजात जीवशास्त्र शिकत होते. "काठाला गुलाबी आलंय का गं?" "आलंय थोडं." "त्या कातडीला कसं कळतं, कुठल्या बाजूला सरकायचं ते?" "ते अजून शिकवलं नाही आम्हाला." "शिकवतील की तुला पुढं," तू म्हणालीस. काठ गुलाबी व्हायचा, पुन्हा काळा पडायचा. शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला, आणि त्या आजारपणातून तू उठलीच नाहीस.

पुढं शिकवलं खरं. आता मी प्रयोगशाळेत कातडीच्या पेशी वाढवते. प्रत्येक पेशीच्या आत-बाहेर विजेचा बारीकसा फरक असतो. कातडी फाटली की तिथून अगदी मंद वीज वाहू लागते आणि काठावरच्या पेशींना तिच्यावरून दिशा कळते. एकटी पेशी भांबावते, भलतीकडेच जाते. शेजारणींना धरून असली की मात्र सगळ्या मिळून एकीकडे वळतात, कुणी हुकूम न देता. साखरेच्या आजारात ती वीज कमजोर पडते, असं दिसतं. म्हणजे तुझ्या टाचेत पेशी होत्या गं, त्यांना हाक ऐकू येत नसावी. दवाखान्यात नेऊन देता येईल असं आमच्या हाती अजून काही नाही. तरी तेव्हा असतं तर, हे मनातून जात नाही.

परवा बशीतल्या पेशींच्या थरावर मी एक ओरखडा काढला आणि दोन्ही काठांच्या पेशी ओरखड्याकडे वळतील अशी बारीक वीज सोडली. दुसऱ्या दिवशी दोन्ही काठ भिडलेले. सोबतची मुलं आनंदानं फोटो काढायला लागली. मीही हसले. हे कुणाला वाचायला द्यायचं नाही, म्हणून लिहिते: मला त्या पेशींचा राग आला.