धुमेची कणीक

रविवार, ६ जानेवारी १९५७

सु. गेल्यानंतर आज प्रथमच पखवाज काढला. तीन महिने खुंटीला होता. उजवी बाजू धोंडूबुवांच्या सुरात लावून घेतली. तेथे अडचण आली नाही. डाव्या बाजूला, धुमेला, लावण्याची कणीक खानावळीतून मागून आणली. ती गेल्यापासून घरात पीठ नाही.

रविवारचे भजन भिंतीपलीकडच्या खोलीत. पहिला अभंग बरा गेला. दुसऱ्यात धूम खोल राहीना. तिसऱ्यात रिकाम्या डब्यावर थाप मारावी तसा आवाज. धोंडूबुवांनी गाता गाता एकदा माझ्याकडे पाहिले. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, असलेला हा मनुष्य वीस वर्षे आमचे भजन आपल्या गळ्यावर वाहून नेतो आहे. त्यांची ती नजर दुसऱ्यांवर पडलेली मी पाहिली होती, माझ्यावर कधी नाही.

संपल्यावर म्हणाले, "मास्तरांनू, धूम खंय गेली?"

मंडळी हसली. मीही हसलो.

घरी येऊन दिव्याखाली धरून पाहिले. कणकेत तेल! पोळ्यांसाठी मळलेली तेला-मिठाची कणीक खानावळवाल्याने दिली आणि मी ती घेऊन आलो. कातड्यावर हाताएवढा डाग. चाळीस मुलांना भूमिती शिकविणाऱ्या इसमाला हे आधी सुचू नये?

सोमवार, ७ जाने.

चूक सापडली म्हणजे मन स्वस्थ व्हावे. होत नाही. शाळेत दोनदा एकच प्रमेय शिकविले. एका मुलाने सांगितले तेव्हा कळले.

गुरुवार, १० जाने.

वाण्याकडून पीठ. परात शोधण्यात अर्धा तास गेला, पलंगाखाली होती. सु. अंदाजाने मळीत असे, मी वजनाने मळले. पीठ पाच तोळे, पाणी तीन तोळे. ओल्या फडक्यात बांधून माठाशेजारी ठेवले. ती तसे करी एवढे मात्र स्मरते.

घड्याळ समोर ठेवून एकट्याने वाजविले. आरंभी धूम उत्तम, अगदी पूर्वीसारखी. विसाव्या मिनिटाला ओढ कमी झाली. बाविसाव्याला गेली. कणीक वाळली की वजन घटते आणि नाद चढतो, हे उघड आहे. परंतु मग सोळा वर्षे ती का वाळली नाही?

पाणी साडेतीन तोळे करून पाहावे.

रविवार, १३ जाने.

साडेतीन तोळ्यांनी काही साधले नाही. आरंभी नाद भोंगळ, मग क्षणभर बरोबर, मग पुन्हा तेच.

आमच्यात दुसरा पखवाजवाला वसंता. गिरणीत फिटर, वय तिशीच्या आसपास. तो कानाशी वाकून म्हणाला, "मास्तर, दोन बोटं पाणी मारा ना. काय होतंय त्यात?"

तो स्वतः गुडघ्याशी पाण्याची वाटी घेऊन बसतो आणि प्रत्येक अभंगात धुमेला बोट लावतो. या सवयीबद्दल मी त्याला एकदा भर मंडळीत बोललो होतो: ज्याला वारंवार हात लावावा लागतो, त्याने मुळात नीट लावलेलीच नसते. माझा नियम निराळा. बसण्यापूर्वी एकदा लावावी आणि आरतीपर्यंत तिला स्पर्श करू नये. सोळा वर्षे मी तो पाळला.

मारुतीच्या सप्ताहात आमचा पहारा, म्हणजे अखंड भजनातली आमची पाळी, १० फेब्रुवारीस, दुपारी तीन ते पाच. बुवा म्हणाले, "कोण बसतलो तां बगूया." हा प्रश्न यापूर्वी कधी निघाला नव्हता.

मंगळवार, १५ जाने.

शेजारच्या ताराबाईंना विचारले. सु.ची आणि त्यांची रोजची बैठक. तांदूळ निवडणे, वाती वळणे सारे एकत्र. "ती कणकेत काय घालीत असे?"

"घालायचंय काय, मास्तर? पीठ नि पाणी."

मी माझी वजने सांगितली. त्या ऐकून घेत होत्या, आणि मग एकाएकी सूप खाली ठेवून माझ्याकडे पाहू लागल्या.

"तुम्हांला खरंच ठाऊक नाही?"

"काय?"

"अगं बाई!"

जे सांगितले ते येथे जसेच्या तसे लिहून ठेवतो. तिसऱ्या अभंगानंतर चहासाठी थांबतात. माझे पाय आखडतात म्हणून मी त्या वेळी जिना उतरून नाक्यापर्यंत फेरी मारून येतो. "तुम्ही शेवटच्या पायरीवर पोचलात की ही पदर खोचून आत. पेल्यात बोटं बुडवायची, कणकेवर फिरवायची, अंगठ्यानं कडा दाबायची. तुम्ही वर येईस्तोवर हिच्या हातात कपबश्या."

"सर्वांदेखत?"

"मग काय चोरून? बुवाच सांगायचे, वयनी, आज वारो सुको असा, जरा जास्ती लावा."

मी "बरे" म्हणालो आणि खोलीत आलो.

बुधवार, १६ जाने.

शाळेतून सरळ घरी आलो नाही. काळाचौकी, तेथून कॉटन ग्रीन, कापसाच्या गोदामांच्या भिंतीकडेने माझगावपर्यंत आणि परत. भिंतींवर संयुक्त महाराष्ट्र समितीच्या घोषणा, अक्षरे ओली. वाचली, एकही ध्यानात नाही.

तिच्यावर रागावलो आहे. मृत मनुष्यावर रागावणे असभ्य आहे हे समजते. तरीही. सोळा वर्षे मी त्या लोकांपुढे नियम सांगत बसलो, आणि ते सर्व ऐकत राहिले, माना डोलावीत राहिले, आणि आत ती…

शनिवार, १९ जाने.

शाळा अर्धा दिवस. बुवांची पाळी सुटण्याच्या वेळी गिरणीच्या फाटकाशी उभा राहिलो. मला पाहताच मी का आलो ते त्यांनी ओळखले. ताराबाईंनी सांगितले असणार.

"आपण तरी मला सांगावयास हवे होते."

"वयनीन दम दिल्लो, मास्तरांनू. म्हणाली, त्यांका सांगशात तर चाय बंद." मग हसू आवरून म्हणाले, "आमका धूम मेळत होती, चायपण मेळत होती. आमी कित्याक सांगतलव?"

त्यांचे म्हणणे व्यवहारास धरून आहे. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला कापसाचे तंतू चिकटलेले. तो मला नकोसा झाला, आणि काढून घेतल्यावर बरेही वाटले नाही.

रविवार, २० जाने.

ताप असल्याचा निरोप धाडला. खोटे. वसंता बसला.

खोलीत बसून भिंतीपलीकडचे ऐकले. धूम शेवटपर्यंत एकसारखी. त्याने कोठे कोठे बोट लावले ते मला येथून कळत होते: नाद किंचित बसतो, मग उघडतो. सु.ला हे असेच कळत असेल, चुलीपाशी बसून.

चहाच्या वेळी कोणी जिना उतरले नाही.

बुधवार, २३ जाने.

एक गोष्ट आठवली आणि लाजिरवाणे झाले. सप्ताहात पहारा अखंड असतो. चहा नाही, थांबणे नाही. दरवर्षी तेथे माझी धूम अर्ध्यावर कोरडी पडे आणि दरवर्षी मी देवळाच्या फरशीला दोष देत असे. "फरशी नाद खाते," असे पंचांना सांगितलेही आहे. त्यांनी एके वर्षी माझ्यासाठी घोंगडी आणून अंथरली होती!

ताराबाईंना पुन्हा विचारले: तिला केव्हा लावावे ते कसे कळे?

"मी विचारलं होतं एकदा. म्हणाली, भाकरी थापताना नाही का कळत? पीठ कोरडं पडलं की कडा फाटायच्या आधीच हाताला लागतं. ह्यांची धूम ऐकली की तसंच होतं, म्हणाली. मग हिचं भाकरीतलं लक्ष उडायचं. दोन भाकऱ्या करपल्या असतील तुमच्या धुमेपायी."

करपलेल्या भाकरीबद्दल मी एकदा बोललो होतो. चांगलाच बोललो होतो.

रविवार, २७ जाने.

सकाळी काळाचौकीस वसंताच्या खोलीवर गेलो. जाण्यापूर्वी दोनदा परत फिरलो. तो जमिनीवर बसून समितीच्या सभेचा फलक रंगवीत होता. दोन्ही हात तांबडे. मला पाहून उठला नाही.

"मास्तर? ताप उतरला काय?"

"ताप नव्हता. मला केव्हा हात लावावा हे शिकावयाचे आहे."

त्याने कुंचला डब्यात ठेवला. "मला भर मंडळीत बोलला होता तुम्ही."

"होय."

"बायको पण होती त्या दिवशी. माझी."

हे मला माहीत नव्हते. "चुकलो," म्हणालो. हा शब्द मी किती वर्षांत उच्चारला नसेन.

"बरं, बसा. रंगाला टेकू नका, धोतर जाईल."

घासलेटाने हात पुसून त्याने स्वतःचा पखवाज घेतला. त्याचे म्हणणे असे: धूम गेल्यावर पाणी लावले तर उशीर झालेला असतो, ती जाण्याआधी लावावे. आणि अभंग चालू असताना, डावा हात एक मात्रा रिकामा सापडेल तेव्हा. संपण्याची वाट पाहू नये.

"जाण्याआधी कसे कळावे?"

"ते काय सांगू? कळतं."

"तुम्ही तर प्रत्येक अभंगाला लावता."

त्याने पखवाज मांडीवरून खाली ठेवला. मग हसला. "खरं सांगू? निम्म्या वेळा गरज नसते. भीती वाटते म्हणून लावतो. लोकांना वाटतं, काय बारीक कान आहे!"

हे ऐकून बरे वाटावयास नको होते. वाटले.

शुक्रवार, १ फेब्रु.

रोज सायंकाळी एक तास. फार लवकर लावतो. मग धूम चिखलात पाय रुतावा तशी बसते आणि वर यावयास पाच मिनिटे घेते. आज लवकर होऊ नये म्हणून थांबलो, तर उशीर. घड्याळ बंद करून ठेवले आहे. त्याच्याकडे पाहत राहिलो की ऐकू येत नाही.

जेवणावर वासना नाही. मळलेली कणीक उरते. तिची भाकरी थापून पाहिली. गोल झाली नाही. खाल्ली.

रविवार, ३ फेब्रु.

बुवांनी सर्वांसमक्ष निकाल दिला. "धा तारखेक मास्तर बसतले. पन वाटी घेवन बसायचा. वाटी नाय, तर वसंतो."

पेचाचा विचार करीत आहे. वाटी घेऊन बसलो तर सोळा वर्षांचा नियम सर्वांपुढे मोडला. न घेता बसलो तर दोन तासांत धूम जाणार, आणि या वेळी फरशीचे नाव सांगता यावयाचे नाही. उठून वसंताला जागा दिली, तर मग पुन्हा बसणे नाही. हे मी मला ओळखतो. शाळेनंतरचे तास मग कसे जातील याचा हिशेब करून पाहिला आणि सोडून दिला.

खरे तर नियम मोडावयाचा उरलाच कोठे आहे? तो दर रविवारी मोडला जात होता. मी नाक्यावर होतो एवढेच.

रविवार, १० फेब्रु.

वाटी घेऊन बसलो.

देवळात शिरताना सर्वांच्या नजरा वाटीकडे गेल्या. एकाने टाळ सारखे करण्याचे निमित्त करून मान खाली घातली. घोंगडी अंथरलेली होती, तीवर बसलो.

पहिला अर्धा तास निर्विघ्न. मग अभंगाच्या मध्यावर तळव्याला काहीतरी निराळे लागले. कानाला अजून काही नव्हते. एक मात्रा रिकामी होती. बोट बुडविले, फिरविले, अंगठ्याने कडा दाबली. धूम बसली, आणि दोन आवर्तनांत उघडली. वसंता टाळ धरून समोर होता. त्याने भुवई उचलली, बस्स. बुवांनी तीच ओळ पुन्हा घेतली, आणि पुन्हा घेतली, आणि मला वाटते…

तासाभराने पुन्हा तसेच झाले. बोट पाण्यात घातले आणि थांबलो. खरोखर कोरडी पडते आहे, की वसंताप्रमाणे मला भीती वाटते आहे? ठरेना. लावले नाही. पाचपर्यंत तसेच वाजविले.

शेवटची धूम चांगली होती की नव्हती हे मला सांगता येत नाही. असे आयुष्यात प्रथमच होते आहे.

सोमवार, ११ फेब्रु.

वसंताला वाटेत गाठून विचारले. म्हणाला, दुसऱ्यांदा लावायला पाहिजे होतं, जराशी ठणकत होती. बुवांना विचारले. म्हणाले, "छ्या! लावलां असतां तर मातयेत गेली असती. बरोब्बर थांबलंस." उत्साहाच्या भरात मला अरेतुरे करून गेले. वाईट वाटले नाही.

दोघेही जाणते. दोघांची मते उलट.

ताराबाई काल देवळात बायकांत बसल्या होत्या. त्यांना विचारले: ती असती तर लावले असते का?

"मला काय त्यातलं कळतंय, मास्तर?" मग दारातून परत येऊन म्हणाल्या, "पण तिलाही दर वेळी कळत नसे हो. कधी कधी आत जाऊन यायची आणि विचारायची, तारा, मी उगाच तर नाही ना लावलं?"

"मग तुम्ही काय म्हणत असा?"

"मी म्हणायचे, चहा गाळ."

सायंकाळचे सहा. कणीक लावून अर्धा तास झाला. एका हाताने वाजवितो, दुसऱ्याने हे लिहितो. वाटी जवळ आहे. आता किंचित…

नाही. अजून नाही.