नारळाचा दंड

बालाघाट,
८ डिसेंबर १९६४

प्रिय भुजली,

तुझं पत्र मिळालं. नाताळच्या सुटीत मी दोन दिवसांसाठी कलकत्त्याला यायचं, शनिवारी काय बघायचं, रविवारी कुठे जायचं, सगळं तू इतकं आखून पाठवलंस की एखाद्या साहेबाचा दौरा निघाला आहे असं वाटावं. त्यावर लिहीनच. पण आधी मला हे सांग, पत्राच्या वर तू काय लिहिलंस? ‘प्रिय सरिता’. मी पाकीट उलटून पुन्हा पाहिलं, की हे दुसऱ्याच कुणाचं पत्र माझ्याकडे आलं की काय. तुझ्यावर एक नारळ दंड बसला आहे, बाई, आणि तो मी वसूल करणार.

कलकत्त्यात राहून विसरली असशील म्हणून आठवण करून देते. लहानपणी गावी, लामत्याच्या तळ्यावर आपण टोपल्या घेऊन गेलो होतो. अंधाऱ्या कोपऱ्यात वाढवलेले गव्हाचे ते पिवळे कोंब, त्यांनाच भुजली म्हणायचं. टोपली पाण्यात बुडवून माती धुतली आणि मी माझ्या जुडीतले कोंब तुझ्या कानावर खोचले, तू तुझे माझ्या कानावर. तुझे केस ओले, कोंब सारखे घसरायचे. तुझ्या आईनं, मैनाबाईनं, दोघींच्या ओटीत तांदूळ घातले आणि बजावलं, “आजपासून तुमी एकमेकीच्या भुजली. नाव घेतलं त दंड पडन, नारळ द्या लागन.” त्या दिवसापासून तुझं नाव माझ्या तोंडून निघालेलं नाही. पाटी फुटली तेव्हा गुरुजींनी मला विचारलं, कोणी फोडली. मी छडी खाल्ली पण सांगितलं नाही. गुरुजींना वाटलं काय पक्की मैत्रीण आहे. खरं म्हणजे मला सांगताच येत नव्हतं! नवऱ्याचं नाव तरी मी उखाण्यात घेतलं, तुझं तेवढंही घेतलं नाही. आजही या पाकिटावर मी तुझ्या नवऱ्याचं, घनश्यामभाऊजींचं नाव घालणार आहे.

आता तुझ्या आखणीकडे येते. शनिवारी सकाळी व्हिक्टोरियाचा महाल, तुझी शेजारीण निभादी सोबत येणार. दुपारी चिनी माणसाच्या दुकानात चपला, भाव निभादी करणार. संध्याकाळी ज्यू माणसाच्या भट्टीतला नाताळचा केक, तो कुठला चांगला ते निभादीला ठाऊक. रविवारी नावेतून पलीकडे ते मोठं वडाचं झाड बघायला जायचं, डबा निभादी करणार, मोहरीतला मासा. मासे काय आमच्या वैनगंगेत नाहीत? आणि तुझ्या चाळीत एवढे लोक राहतात म्हणून तूच लिहितेस, वर मद्रासी, खाली पंजाबी, समोर ते अर्ध्या इंग्रजांचं कुटुंब, मग ही एकच बंगालीण कशी प्रत्येक ओळीत येऊन बसते? पत्र वाचून माझा तिळपापड झाला. हो, जळते मी. स्पष्टच लिहिते, म्हणजे तुला ओळखत बसायला नको.

आमचे हे मजा बघतात. काल कोर्टातून आले, मी तुझं पत्र पुन्हा काढून बसलेली. म्हणाले, “अवं, ते तुले कलकत्ता दाखवून राह्यली अन् तू काहून भांडून राह्यली?” मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. तर म्हणाले, “हौ, मले नाही समजत. पण तोंड असंच फुगलेलं राह्यलं त रेल्वेच्या डब्यात मावणार नाही.” हसले मी, पण पोटातलं गेलं नाही.

मागच्या आठवड्यात लामत्याला जाऊन आले. तुझ्या आईला आता एका डोळ्यानं अंधुक दिसतं, पण माझी चाल ओसरीवरूनच ओळखते. नवीन चिन्नोर तांदळाचं गाठोडं तुझ्यासाठी बांधून ठेवलं आहे, उघडलं की घरभर वास सुटतो. तुझं लग्न झाल्यापासून दर पोळ्याला, दर दिवाळीला मी तिच्याकडे जाते, ते काही उपकार म्हणून नाही. भुजलीची आई ती आपली आई, एवढंच मला शिकवलेलं आहे. तुझ्या पत्रात काय लिहिलं होतं ते मी तिला वाचून दाखवलं, वरची ओळ मात्र गाळली. तरी तिला काय कळलं कोण जाणे. निघताना म्हणाली, “जाजो वं पोरी, पण रागात नोको जाऊ.” मी हौ म्हटलं आणि मोटारीत बसले.

पण मला सगळ्यात जास्त झोंबलं ते निभादीचं कौतुकही नाही. पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, की आपली भुजलीची गोष्ट तू तिला सांगितलीस, आणि तिला ती फार आवडली. त्यांच्याकडेही बाया असंच नातं जोडतात म्हणे, त्याला सई म्हणतात, आणि मग एकमेकींना ठरवलेल्याच नावानं हाक मारतात. वाचलं आणि हात थांबले. गोष्ट तिला सांगितलीस, आणि त्याच पत्रात मी झाले सरिता! तुझ्या हातून नुसतं चुकून गेलं असेल, असं मी मनाला पुष्कळ समजावलं. मग दुसरं मन म्हणतं, माणूस चुकतं कधी, तर सवय मोडते तेव्हा. ज्या नावानं मला हाक मारायची तीच हाक रोज दुसरीच्या दारात जाऊन मारत असलीस तर? पातोडीला फोडणी देताना हेच, पोरांच्या वेण्या घालताना हेच. वेड लागायची पाळी आली आहे.

यायचं मात्र ठरलं आहे. उकव्याच्या खाणीतले एक बंगाली बाबू सहकुटुंब कलकत्त्याला निघाले आहेत, त्यांच्या सोबतीनं येते. पोरं सासूबाईंकडे राहतील. नाताळच्या दिवशी इथून छोट्या गाडीनं गोंदियाला, तिथून मेल, आणि शनिवारी सकाळी हावडा. गोंदिया आणि नागपूर सोडून मी काही पाहिलेलं नाही हे तुला माहीतच आहे, तेव्हा फलाटावर वेळेवर ये.

हे पत्र त्या फलाटासाठीच लिहिते आहे. तू निभादीला घेऊन येणार आहेस, ये घेऊन. मी डब्यातून उतरून जागच्या जागी उभी राहीन, तुम्हाला शोधणार नाही. सरिता म्हणून ओरडलीस तर मी वळायची नाही, त्या नावाच्या तिथं कितीतरी असतील. भुजली म्हणून हाक मार. लामत्याच्या बाजारात अशी हाक आली की चार बाया वळून बघायच्या, पण हावड्याच्या गर्दीत कोण वळणार? मी एकटीच वळले, तर दोन दिवस तू नेशील तिथं येईन, वडाचं झाड बघेन, निभादीच्या हातचा मासा मागून खाईन, आणि नारळ घेतल्याशिवाय गाडीत चढणार नाही. पण माझ्याबरोबर तिचीही मान वळली, तर तुझ्या आईचे तांदूळ तुझ्या हातात देईन आणि आल्या पावली परत फिरेन. दंडही मग माफ.

तुझीच,
भुजली