रघूच्या नावाचं पाणी

२ जून १९४८
बापूसाहेब गावभर सांगत सुटलाय, तळ्यावर लावायचा नावाचा दगड फुकट मिळाला म्हणून. फुकट म्हणजे असं : खाणीवरून आणायला गाडी उसनी, बैल उसने, ओढ्यात आख मोडला तो माझ्या अंगावर. पाथरवट आणि त्याचा भाऊ दोन्ही वेळ आमच्याकडे जेवायला. आणि ही. पाथरवट अक्षरं काढायला बसला की भाकरी तव्यावर टाकून उंबऱ्यात येऊन बसते. छिन्नीवर ठोका पडला की डोळे मिटते. काल 'र' झाला. आज 'घु'. पोर गेल्यापासून सहा वर्षांत रडली नव्हती तेवढी दोन अक्षरांत रडली.
हा खर्च बापूसाहेबाच्या हिशेबात नाही.

४ जून
देवळापुढं सभा. बा.सा. जेलातून आल्यापासून आवाज फार कमावलाय. "संस्थान बुडालं! आता हिवरवाडी संस्थानी न्हाई आन् आपली करंजवाडी इंग्रजाची खालसा न्हाई. सरकार एक, तळं एक. मग अजून लखमाबाईचं तळं कशापायी? बेचाळीसच्या मोर्चात ज्यानं छातीवर गोळी झेलली, त्या रघुनाथाचं नाव द्या!" टाळ्या. सगळे माना वळवून माझ्याकडं बघायला लागले. मी पागोट्याचा शेव सारखा केला. दुसरं काय करणार.

५ जून
लोकांना वाटतं इंजिन चालू असलं की गिरणीवाला बहिरा. सांगलीच्या गिरणीत पीठ झाडायला लागलो तेव्हा मिसरूड नव्हतं. इंजिनाच्या खालून ऐकायला तिथंच शिकलो. आज बा.सा.चा चुलतभाऊ दुसऱ्याला सांगत होता, "नाव आपल्या गावच्या पोराचं लागलं की बांध बी आपला, पाणी बी आपलं. आन् बापूला लोकल बोर्डाला हुभं ऱ्हायचंय."
कळतं सगळं. तरी कुणी 'रघुनाथ' म्हटलं की छाती भरून येते. सहा वर्षं घरात ते नाव कुणी मोठ्यानं घेतलं नाही.

७ जून
आप्पा जोंधळा घेऊन आले. हिवरवाडीचे आमचे व्याही, सोनाचे सासरे. लखमाबाई त्यांची पणजी. दुष्काळात अंगावरचं सोनं उतरून बांध घातला बाईनं, म्हणून तिचं तळं. अजून दरसाल त्यांच्या घरची चोळी पाण्याला जाते.
जोंधळा दळून झाला. मग म्हणाले, "तात्या, दगड बसवा की तुमी. कडंला बसवा. पर तळ्याचं नाव ऱ्हाऊ द्या. आमची म्हातारी तितं हाय."
म्हटलं, "आप्पा, माझं पोर बी कुठंतरी असायला पायजेल का न्हाई?"
त्यांनी पिठाचं गाठोडं बांधलं. "रघू आमचा बी हुता." नेहमीसारखी तंबाखू माझ्या तळहातावर ठेवली. जाता जाता : पौर्णिमा झाली की सोनाला धाडतो, सातवा सरत आला.
हिला सांगितलं, पहिलं बाळंतपण इथंच. खोली सारवून घे. हिनं विचारलं, आणि ह्या नावाच्या भांडणात? हसलो. दोन गावांत कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते मला आधी कळतं. आप्पाला मी आतून ओळखतो. आठ दिवसांत विरेल.

१२ जून
बा.सा. : "दिवस तुमी सांगा, तात्या. मान तुमचा."
विचार करावा लागला नाही. वटपौर्णिमा. रघू त्या दिवशीचा. ही वडाला दोरा गुंडाळून आली आणि कळा सुरू झाल्या. बा.सा. खूश. इस्लामपूरचा बँड सांगतो म्हणाला.
चावडीवर दहाबारा जण होते. एकानं दुसऱ्याकडं बघितलं. बोललं कुणी नाही. मी बघितलं ते. पण मन पाळण्यात होतं.

२१ जून
लिहवत नाही. थोडं लिहितो.
हिवरवाडीचा बेंदूर, बैलांचा सण, कानडी पद्धतीचा. ज्येष्ठातल्या पौर्णिमेला. आमचा महिन्यानं, आषाढात. त्यांच्या बेंदराला तळं त्यांचं, आमची जनावरं खाली उतरत नाहीत, आमच्या बायका काठावर त्यांच्या बैलांना नैवेद्य घेऊन उभ्या राहतात. आमच्या बेंदराला त्यांच्या बायका येतात. कधीपासून चालत आलंय, कुणाला ठाऊक नाही.
मला बैल नाहीत. कधी नव्हतेच. पिठात वाढलो, इंजिनावर मोठा झालो. बेंदूर माझ्या दारात कधी आला नाही, म्हणून माझ्या ध्यानातही आला नाही.
बँड बांधावर. माझ्या गळ्यात हार. समोरून हिवरवाडीची बैलं, शिंगं रंगवलेली, अंगावर झुली, घुंगरं. पुढं आप्पांचा सरजा. बँडवाल्यानं ढोलावर टिपरू मारलं आणि सरजा उधळला, बांधाच्या दगडांवरून घसरत खाली. पुढचा पाय...
आप्पा चिखलात बसून त्याचं डोकं मांडीवर घेऊन. वर माझ्याकडं बघितलं. व्याही झाल्यापासून मला 'अहोजाहो'च केलेलं त्यांनी.
"तात्या, तुला आजचाच दीस घावला व्हय रं?"
पडदा बा.सा.नं तरीही ओढला. 'हुतात्मा रघुनाथ तलाव.' अक्षरं सुरेख आलीत.

२३ जून
हिवरवाडीला गेलो. सरजा गोठ्यात पडून. खालून पोतं सारलेलं, तोंडापुढं न खाल्लेली पुरणाची पोळी. आप्पा त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसलेले.
म्हटलं, ध्यानातच आलं न्हाई. शपथ.
"बेंदूर इसरला? तुमी? सुतकातलं कुजबुजणं ज्याला ऐकू येतं, त्यो?" आता पुन्हा 'तुमी' म्हणत होते. ते जास्त लागलं.
सोना दिसली नाही. आत भांडं वाजलं. तिच्याच हातचं. लहानपणापासून ती भांडं ठेवते तेव्हा दोनदा वाजतं.
"पौर्णिमा झाली, आप्पा."
"दगड हाय तवर सोना न्हाई यायची."

५ जुलै
हिवरवाडीचं एक गाठोडं गिरणीवर नाही. गाड्या जुंपून पलूसला दळायला जातात. सरजा गेला म्हणतात. कुणी म्हणतं विकला. खरं कळत नाही. आमच्या चावडीवर ठराव : तळ्याचं जुनं नाव जो घेईल त्यानं देवळात दंडाचा नारळ फोडायचा.

१६ जुलै
पाऊस नाही. तळ्यात गुडघाभर.
आज गिरणीत बायका रांगेत. आपल्या आपल्यात बोलणं. नारळाच्या भीतीनं सगळ्या नवं नाव घेतात.
"रघुनाथात नुसता चिखूल झालाय बाई."
"पाटलाची म्हस काल रघुनाथात रुतली. दावं लावून वढली."
"रघुनाथाला लय घाण वास मारतोय औंदा. धुणं सुदिक धुववत न्हाई."
"आटंल आता चार दिसांत."
कुणाच्या मनात पाप नाही. एक जण तर माझ्याकडं बघून मायेनं हसली. मी इंजिनाचा वेग वाढवला. उपयोग नाही. मला खालचं ऐकू येतं.

१७ जुलै
ही अजून लखमाबाईच म्हणते. कालचं तिला सांगितलं नव्हतं. तिनं आधीच ऐकलंय, पाण्याला तीच जाते. म्हणाली, "नारळ घेऊन ठेवा घरात. फोडीन रोज. माझ्या लेकराच्या अंगावर म्हशी बसल्याली मी बोलायची न्हाई."

२१ जुलै
आमचा बेंदूर. बैलं तळ्याला गेली. पलीकडच्या काठाला एक बाई नाही. चिखलात बैलं धुतली. परत आली तेव्हा जास्त मळकी दिसत होती.
हिवरवाडीनंही पलीकडं दगड उभा केलाय. 'लखमाबाई तलाव.' बा.सा. म्हणतो मामलेदाराकडं अर्ज गेलाय, पाऊस झाल्यावर येऊन बघेल. बरं झालं म्हणतो, प्रकरण तापलं की गाव एक राहतं.

९ ऑगस्ट
नागपंचमी. गावातल्या सगळ्या लेकी आल्या. झोके. हिनं लाह्या भाजल्या, सोनाच्या वाट्याच्या वेगळ्या काढून ठेवल्या. संध्याकाळी शेजारच्या पोरींना वाटून टाकल्या.
बा.सा.कडं गेलो. हात जोडले. आयुष्यात कुणापुढं जोडले नव्हते, साहेबापुढंसुद्धा. म्हटलं, माझ्या पोराचा दगड आहे, मला काढू द्या. घरी नेतो. अंगणात लावतो.
खांद्यावर हात ठेवला त्यानं. "तात्या, त्यो आता तुमचा न्हाई ऱ्हायला. गावाचा झालाय."
रस्ताभर तेच. पोलीस घरी आले होते तेव्हाही म्हणाले होते, प्रेत तुम्हाला देता येत नाही.

१४ ऑगस्ट
शाळेची पोरं दगडापुढं रांगेनं. उद्या झेंडा तिथंच. मला बोलायला सांगितलंय. ताप आलाय असं कळवलं. खरंच आलाय थोडा.

२९ ऑगस्ट
एक मेंढका गिरणीच्या हौदावर मेंढरं पाजायला थांबला. हिवरवाडीकडून आला होता. म्हणाला, "तुमची लेक बाळंतपणातनं सुटली न्हवं काल. बरी हाय म्हणत्यात." मी त्याला पायलीभर पीठ दिलं. मेंढरं पुढं निघाली होती, तो त्यांच्या मागं पळाला.
हिला सांगितलं. हिनं डबा उघडला, डिंक, खोबरं. सगळं जूनमध्येच आणून ठेवलेलं. खोबऱ्याला वास लागलाय का बघितलं. नव्हता.

३० ऑगस्ट
गाठोडं घेऊन बांधावरून गेलो. दोन्ही दगड लागतात वाटेत. रघूच्या दगडाजवळ थांबलो नाही. हात लावला फक्त.
आप्पा अंगणात दोरी वळत होते. वाळलेत. मी उभा. त्यांनी घोंगडं सरकवलं. बसलो.
आतून रडणं आलं. बारीक, पण दमदार. मग सोनाचा आवाज, "ओ ओ ओ". हिचाच सूर. ही रघूला असंच करायची.
आप्पांनाही ऐकू आलं. दोघंही दोरीकडं बघत राहिलो.
"गाठोडं?"
"लाडू हायती. हिनं केल्यात. आन् बाळंतविडा."
उठून आत ठेवून आले. येताना तांब्या आणला. प्यालो. त्याच तळ्याचं पाणी.
"दगडाचं काय?" म्हणाले.
"मामलेदार यायचाय."
"मग तवा बघू."
तंबाखूची पिशवी काढली, स्वतःपुरती मळली. मग थोडा वेळ चिमूट तशीच धरून बसले. मला वाटलं पुढं करतील. त्यांनाही वाटत असावं. कुणीतरी हाक मारली, उठून गेले.
घरी आलो. ही उंबऱ्यात. हात पदरात गुंडाळलेले.
"काय झालं सोनाला?"
मुलगा की मुलगी, मला माहीत नाही.