बिनक्लचच्या मोटारीसह माझ्या मिळकतीची व्यवस्था

लिहून ठेवणार : प्रभाकर रूपराव भोयर, वय वर्षे छप्पन्न, शिक्षण बी.कॉम., पूर्वी एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मुख्य हिशेबनीस, राहणार पुलगाव, जिल्हा वर्धा.

माझी बुद्धी शाबूत आहे, शरीर नाही. या दोन्ही विधानांना डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. छातीत पाणी साचते, ते काढले तरी पुन्हा साचते, आणि पुढचा पावसाळा मी पाहीन असे डॉक्टरांनी म्हटलेले नाही. हा लेख मी कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने लिहीत नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सर्वांकडून फार अपेक्षा केल्या होत्या.

कलम १. पुलगावचे राहते घर माझ्या स्वकमाईचे आहे. ते माझी पत्नी सौ. प्रमिलाबाई यांच्या हयातीपर्यंत त्यांचे राहील. त्यांच्यानंतर ते माझा धाकटा भाऊ बाबाराव, राहणार केळझर, यास कलम ५ च्या अटीवर मिळावे.

माझा मुलगा मधुकर, नोकरी भिलाई, यास घरात हिस्सा ठेवलेला नाही. त्याचा राग नाही. कारण मात्र नमूद करतो. गेल्या दिवाळीत मी त्याला त्याच्या आईबद्दल विचारले. तो म्हणाला, "बाबा, मी आईले नेलंच असतं. पन क्वार्टर दुसऱ्या माळ्यावर हाय न." माळ्याची उंची खरी आहे. खालच्या क्वार्टरसाठी अर्ज करता येतो, हे त्याला मी सुचवेपर्यंत सुचले नाही आणि सुचवल्यावरही त्याने केला नाही. त्याला माझे हातघड्याळ द्यावे. ते बरोबर वेळ दाखवते.

कलम २. पोस्टातील बचत सर्व प्रमिलाबाईंची. तिच्यातून देवकाबाईंचा पगार चालू ठेवावा. रोज सकाळी प्रमिलाबाईंना उचलून अंघोळ घालणारी बाई दुसरी मिळणार नाही. माझे दोन्ही गरम कोट देवकाबाईंच्या यजमानांना द्यावेत. ते अंगाने माझ्याएवढेच आहेत. मी आजारी पडण्यापूर्वीएवढे.

कलम ३. मोटार. ही अमेरिकन बनावटीची असून ती माझ्याकडे कशी आली याविषयी गावात जे बोलले जाते ते चूक आहे. प्रमिलाबाई सन १९७६ मध्ये गच्चीवर कुरडया वाळत घालताना पडल्या. पाठीचा मणका मोडला आणि कमरेखालचे अंग गेले. लघवीची नळी बदलण्यासाठी त्यांना दर महिन्यास सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावे लागते. जीपमध्ये ड्रायव्हरने गिअर बदलला की त्या धक्क्याने त्यांचा जीव कळवळे. त्याच सुमारास आमच्या कारखान्याच्या शेठजींची ही गाडी शेडमध्ये उभी होती. तिला क्लच नाही. गिअर आपोआप, न कळत पडतात. लाखावर मैल चाललेली म्हणून आणि गावातला कोणी ड्रायव्हर तिला हात लावीना म्हणून शेठजींच्या वारसांना ती नकोशी झाली होती. मी ती धक्का बसत नाही म्हणून घेतली, ऐटीसाठी नव्हे. पहिल्या खेपेस देवळीच्या पुढे गेल्यावर प्रमिलाबाईंनी विचारले, "निगालो काय आपन?" या वाक्यासाठी मी ती आजवर सांभाळली.

कलम ४. गिअरपेटीतील तेल बदलण्याची रीत. हे काम मी घरीच करीत आलो. ज्याच्या ताब्यात गाडी जाईल त्याने याच रीतीने करावे.

कापसाचा जिन चालू असेल त्या दिवशी हे काम काढू नये. हवेत रुईचे तूस असते. ते तेलात बसले की तेल गाळणारी जाळी तुंबते. गाडी ठोकळ्यांवर घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली झोपू नये. इंजिन कोमट असावे. पेटीच्या तळाच्या थाळीचे बोल्ट एका कोपऱ्याकडून सैल करीत यावे, म्हणजे तेल त्या कोपऱ्यातून परातीत उतरते. परात आमच्या पुरणाची आहे, प्रमिलाबाईंनी ती या कामाला दिली, तेव्हा म्हणाल्या, "माह्यापेक्षा तिचीच नाडी जास्त पाहता तुमी." जाळी रॉकेलने धुवावी, फडक्याने पुसू नये. उतरलेल्या तेलाचा वास घ्यावा आणि ते बोटांमध्ये चोळून पाहावे.

आता मुख्य गोष्ट. थाळी काढल्याने सगळे तेल उतरत नाही. बरेचसे आतल्या बंद डब्यातच राहते. ते राहू द्यावे. जेवढे उतरले तेवढेच नवे लाल तेल भरावे. इतक्या चाललेल्या पेटीतील, गिअर धरणाऱ्या पट्ट्या झिजलेल्या असतात, आणि झिजेचा जो गाळ जुन्या तेलात फिरतो त्याच्याच आधाराने त्या अजून धरून असतात. सगळे जुने तेल एकदम काढले तर पेटी स्वच्छ होते आणि गाडी चालत नाही. नवे तेल भरल्यावर, इंजिन चालू ठेवून व ब्रेक दाबून, गिअरचा दांडा प्रत्येक खुणेवर फिरवावा आणि मगच तेल मोजण्याच्या पट्टीवर पातळी पाहावी. लाल तेलाचे डबे माझ्या खाटेखाली आहेत. हे तेल नागपूरशिवाय मिळत नाही.

कलम ५. मोटार बाबाराव यास देतो. अट एकच : प्रमिलाबाईंना दर महिन्यास तिच्यातून सेवाग्रामला न्यावे व परत आणावे.

बाबारावच का, हे वाचणाऱ्यास विचित्र वाटेल, कारण गाडीची आजची अवस्था त्यानेच केली. सन १९८३ च्या खंडेनवमीस मी दवाखान्यात भरती होतो आणि वहिनीची काळजी घेण्यास तो केळझरहून येऊन राहिला होता. त्या दिवशी घरातील यच्चयावत हत्यारे आणि यंत्रे धुऊन पुजायची, हा आमच्या घराण्याचा रिवाज. बाबारावने विळे धुतले, माझी शाईची दौत धुतली, आणि मग गाडीखाली शिरून पेटीतले सगळे तेल, आतल्या डब्याचे बूचदेखील उघडून, थेंब न ठेवता काढले. त्यात ट्रॅक्टरचे जाड तेल ओतले. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मी घरी आलो तेव्हा गाडी गुरगुरत होती आणि जागची हलत नव्हती.

मी विचारले, "बाबाराव, हे काऊन केलं?"

तो म्हणाला, "दादा, म्या माह्या ट्रॅक्टरचं तेल तिले देल्लं, सोतासाठी ठेवलं नाई. आन पूजेच्या दिवशी असं काळंशार तेल तिच्या पोटात ठेवाव काय?"

त्या आठवड्यात नळी बदलायची होती. बाबारावनेच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवत अंथरून वहिनीला सेवाग्रामला नेले. तो सारी वाट हळू चालवीत होता आणि रडत होता, असे देवकाबाई सांगतात. त्या दिवसापासून प्रमिलाबाईंना बसता येत नाही. मी जाड तेल काढले, पेटी खंगाळली आणि पुन्हा लाल तेल भरले. गाडी पुढे जाऊ लागली. मागे जात नाही. हा दोष मी बाबारावला माफ केलेला नाही आणि मेल्यावर तो आपोआप माफ झाला असे समजू नये.

तरीही तोच. बाकीच्यांनी काही बिघडवले नाही, कारण बाकीचे आले नाहीत.

कलम ६. मागील फाटक. गाडी मागे घेता येत नसल्याने परसाची भिंत पाडून दुसरे फाटक केले, म्हणजे ती एकीकडून येते व दुसरीकडून निघते. दुसरे फाटक शेजारी श्री. महादेवराव इखार यांच्या बोळात उघडते. त्यांनी तिथे मुद्दाम कडब्याची गंजी रचली. आमचे बोलणे बंद आहे. परंतु महिन्याच्या त्या सकाळी गंजी बाजूला सारलेली असते आणि ती कोणी सारली हे मी विचारलेले नाही. माझे त्यांच्यावर काही मागणे नाही. गंजी तशीच सरत राहावी.

कलम ७. हे कलम गाडी कायमची थांबेपर्यंत बाबारावला वाचून दाखवू नये. व्यवस्थापक वकील श्री. लक्ष्मणराव पोहाणे यांनी अशी तजवीज गैरशिस्त असल्याचे मला सांगितले. ते बरोबर आहे.

गेल्या महिन्यात तेल बदलले. मला आता खाली वाकवत नाही. मी खाटेवरून सांगत होतो आणि बाबारावचे हात काम करीत होते. त्याने एकही पायरी चुकवली नाही. थाळी घेऊन तो गाडीखालून बाहेर आला. तळाशी पिवळी कणी चकाकत होती आणि तेलाला जळका वास होता.

"दादा, हे चमकून राह्यलं ते काय होय?"

मी म्हणालो, "तेलाचा रंग आहे. थाळी धू आणि बसव."

ते पितळ होते. पेटीचे आतले भाग संपले आहेत. कोणतेही तेल, कोणत्याही रीतीने भरले तरी, ते परत येणार नाहीत. खरे सांगितले असते तर बाबाराव मोडकी गाडी सोडून केळझरला गेला असता, असे मला वाटले. हे माझे अनुमान आहे. प्रमिलाबाईंची खाट खिडकीशी असते. तो गेल्यावर त्या म्हणाल्या, "जळका वास येऊन राह्यला होता. मले समजते." थोड्या वेळाने म्हणाल्या, "बाबारावजीले सांगू नोका. दोन खेपा त होतीन."

म्हणून लिहितो. गाडी ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी कलम ५ ची अट संपली. घर तरीही बाबारावचेच. आणि त्याला हे नीट, दोनदा वाचून दाखवावे, कारण तो पुन्हा आपल्याच हाताला दोष देईल : खंडेनवमीचा दोष तुझा होता. हा तुझा नाही. तू सगळे बरोबर केलेस.

कलम ८. गाडी थांबल्यानंतर प्रमिलाबाईंना सेवाग्रामला कोणी व कसे न्यावे :





वरील मजकूर मी वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमक्ष सही केली.

(सही) प्रभाकर रूपराव भोयर

आम्ही दोघे साक्षीदार लिहून देतो की श्री. भोयर यांनी आमच्या देखत सही केली व आम्ही त्यांच्या देखत केली. कलम ८ खालची जागा कोरी आहे. ती चुकून राहिली काय, असे आम्ही विचारले. त्यांनी बराच वेळ लेखणी हातात धरली आणि नंतर, तशीच राहू द्या, असे सांगितले.

(सही) महादेवराव इखार, शेजारी
(सही) प्रेमदास गणवीर, शिक्षक

पुलगाव, दिनांक ९ फेब्रुवारी १९८५